रात्री बाराला काय उघडं असतं?

मी आहारतज्ज्ञ. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात गुरुवारी लिव्हरची ओपीडी असते, तिच्या कोपऱ्यात माझं टेबल. गुरुवारीच गर्दी जास्त, कारण पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी त्याच दिवशी. डॉक्टरांचं ऐकून पेशंट माझ्यासमोर बसतो, मी छापील चार्ट समजावते, तो घडी घालून फाईलमध्ये ठेवतो. बरीच वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या गुरुवारी आलेले गृहस्थ ३८ वर्षांचे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. गाव बीड जिल्ह्यातलं, काम चाकणला सीएनसी मशीनवर, तेही कंत्राटी. कंपनीत सगळे त्यांना माऊलीच म्हणत. सोबत मेहुणा आलेला. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मॅडम, तुम्हीच इचारा. पेतात का न्हाई?"

माऊली खाली बघत राहिले.

झालं होतं ते असं. फाईलवर इंग्रजीत मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'नॉन अल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज'. मेहुण्यानं त्यातला नेमका दुसरा शब्द वाचला आणि गावाकडे फोन लावला. गळ्यात माळ आन् पोटात बाटली, अशी बोलणी सुरू झाली. बायकोनं आठ दिवस फोन उचलला नाही. खरं तर २०२३ मध्ये जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांनी या आजाराचं नाव बदललं. दारूचा उल्लेख काढून चयापचयाशी जोडलेलं नाव घेतलं. आमचे फॉर्म मात्र जुनेच होते. मी पेन घेऊन तो शब्द खोडला आणि मेहुण्याला 'नॉन'चा अर्थ सांगितला. तो ओशाळला, पण पूर्ण पटलं नसावं. लिव्हर म्हटलं की आपल्याकडे दारूच आठवते.

रिपोर्ट मात्र चांगला नव्हता. वय, रक्तातली दोन एन्झाइम आणि प्लेटलेट यांवरून लिव्हरवर व्रण पडलेत का याचं एक साधं गणित मांडतात, फिब-फोर. ते १.३ च्या वर गेलं की पुढे तपासावं लागतं. माऊलींचं १.५ आलं होतं. मग फायब्रोस्कॅन केला, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय त्याचं मोजमाप. आकडा ८ च्या आत असला की सहसा काळजी नसते. यांचा ११.२. वजन ८४ किलो.

मी चार्ट काढला. सकाळी आठला भिजवलेले बदाम, अकराला एक फळ, रात्री आठच्या आत ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर वरण. माऊलींनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, माझी सेकंड शिफ्ट साडेतीनला लागती, बाराला सुटती. रात्री बाराला काय उघडं असतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझं माहेर मंचरचं. पुढच्या रविवारी रात्री तिथून परतताना नवऱ्याला म्हटलं, चाकणला थांबू. माऊलींना आधीच कळवलं होतं. कंपनीच्या गेटपासून म्हाळुंग्याच्या त्यांच्या खोलीपर्यंत वीस मिनिटांची वाट. मी वही घेऊन मोजत निघाले. वडापाव-समोशाच्या गाड्या सहा, त्यातल्या दोन चालू. चायनीजच्या चार, चारही चालू. चहाच्या टपऱ्या पाच, प्रत्येकीत क्रीमरोल, खारी, वेफर्सच्या माळा आणि थंड पेयांचा फ्रीज. भुर्जीच्या दोन गाड्या, पण माळकऱ्याला अंडं चालत नाही. (नवऱ्याला चाललं. तो तिथंच बसला.) भाजीवाला एकही नाही. तो संध्याकाळी सहा ते नऊ बसतो, तेव्हा माऊली मशीनवर. खाणावळ दहाला बंद. खोलीत चौघं, शेगडी एक, आणि घरमालकाला फोडणीचा वास चालत नाही.

गंमत बघा, त्याच वेळी पलीकडच्या नाशिक हायवेवरून टोमॅटोचे क्रेट भरलेले ट्रक चालले असणार. जुन्नर-आंबेगावची बरीच भाजी याच बाजूनं पुण्या-मुंबईला जाते. चाकणचं मार्केट तर कांद्या-बटाट्यासाठी प्रसिद्ध. गेटसमोर त्यातला फक्त बटाटा पोचतो, तोही तळून.

माऊलींचा रोजचा हिशेब त्यांच्याच तोंडून ऐकला. सुटल्यावर शेजवान राईस, कारण वीस मिनिटं चालायचं तर पोटात काहीतरी हवं. थर्ड शिफ्ट असली की पहाटे तीनला झोप येऊ नये म्हणून ६०० मिलीची थंड बाटली. बाटलीवरचं लेबल मोबाइलच्या उजेडात वाचलं. साखर साठ ग्रॅमच्या वर, म्हणजे बारा चमचे. त्यातली निम्मी फ्रुक्टोज, ती बहुतेक लिव्हरमध्येच जाते आणि जास्त झाली की तिथं चरबी बनते. वर पाच-सहा गोड चहा. एकादशीला साबुदाणा आणि बटाट्याचे वेफर्स. "आन् दारू न पिता दारुड्याचं लिव्हर," माऊली हसून म्हणाले. मला हसू आलं नाही.

गुरुवारी दिलेला चार्ट मी तिथंच परत मागितला.

दुसऱ्या दिवशी खाणावळीच्या मावशींना फोन केला. त्या आधी कावल्या, "एका माणसासाठी मी जागू का?" मग माऊलींनीच सेकंड शिफ्टची अकरा माणसं जमवली. मावशी दहाला बंद करताना अकरा डबे बाहेरच्या कपाटात ठेवू लागल्या. दोन भाकरी, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, कांदा. गार असायचं सगळं, पण असायचं. बाटलीच्या जागी बिनसाखरेची काळी कॉफी आणि खिशात फुटाणे. बदाम मी चार्टवरून कायमचे काढले. त्या पगारात बदाम सांगताना मला आधीच लाज वाटायला हवी होती.

पाच महिन्यांनी वजन ७९, फायब्रोस्कॅन ९.१. खूश व्हावं असं होतं, पण चरबी जितक्या लवकर कमी होते तितक्या लवकर लिव्हरचा कडकपणा उतरत नाही. वजन अजून तीन-चार किलो तरी उतरायला हवं होतं.

त्याच महिन्यात कंत्राट संपलं. माऊली रांजणगावला गेले, दुसरी कंपनी, दुसरी खोली. मावशींचे अकराचे सात डबे झाले, मग बंदच.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. वेळ रात्री सव्वाबाराची. मला वाटलं, पोटात दुखतंय की काय.

"मॅडम, वही हाय का जवळ? गेटातनं निघालोय. उजव्या बाजूनं सांगतो, लिहून घ्या."