ठरलं होतं का, विचारता म्हणून

मुलाखतीत विचारता, कला महाविद्यालयात बोलून झाल्यावर विचारता, लग्नाच्या मांडवात जेवणाचं ताट हातात असताना विचारता. तो फोटो, ज्यात तुझी आई वाकून तुझ्या हातांना राख लावते आहे, ते आधी ठरलं होतं का?

मी आजवर "नाही" एवढंच सांगत आले. ते खरं आहे. पण ते ऐकल्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते मला सहन होत नाही. नाही म्हटलं की ते खरं ठरतं, हो म्हटलं असतं तर नाटक ठरलं असतं. मधे काही नसतंच जणू. म्हणून एकदा सगळं लिहिते.

मी परफॉर्मन्स करते, म्हणजे लोकांसमोर स्वतःच्या देहानं एखादी कृती करते, तीच माझी कला. ही कृती साधी होती. पणजीतल्या एका जुन्या घराची पुढची खोली. तिथे काजू फोडायचं यंत्र, हातापायांनी चालतं ते. बसायला स्टूल. वाफवून सुकवलेल्या बियांचं पोतं, गरासाठी एक भांडं, टरफलांसाठी दुसरं, आणि एका ताटलीत राख. कारखान्यात असते तेवढी पाळी, जेवणाची सुट्टी तेवढीच, आणि तेवढा वेळ मी हातमोजे न घालता बिया फोडणार. कागदावर एवढंच होतं.

काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. बी वाफवून घेतली तरी फोडताना ते बोटांवर येतंच. म्हणून कारखान्यातल्या बायका हातांना राख चोळतात, कुणी एरंडेल लावतात. माझ्या आईची कमावती वर्षं गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अशाच एका कारखान्यात गेली. लहानपणी मला वाटायचं, आयांची बोटं काळीच असतात. मजुरी किलोवर, आणि भाव अखंड गराला. 320 नंबरचा माल म्हणजे एका पौंडात 300 ते 320 अखंड गर बसतील एवढा आकार, हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं. तुकडा झाला की त्याची किंमत पडते, आणि तुकडा कुणाच्या हातून झाला हे भांड्यात दिसतं.

आता त्या दिवसाबद्दल.

आईला मीच बोलावलं होतं. ती मावशीला घेऊन वाळपईहून कदंबच्या बसनं आली आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसली. लोक येत, थोडं थांबत, फोटो काढत, कुजबुजत, निघून जात. आई उठली नाही. माझ्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही, ती हातांकडे बघत होती. माझे गर मोडत होते. एकेक मोडला की तिची जीभ टाळूला लागल्याचा आवाज मला ऐकू येई. इतर कुणाला तो ऐकू येत नसणार. मी त्या आवाजावर वाढले आहे, मला तो गर्दीतही कळतो.

दुपारनंतर बोटं पेटायला लागली. आधी चुणचुण, मग उष्ण, मग कातडी आपली नसल्यासारखी. राख हाताशी होती. मी तिला शिवत नव्हते. मी यावर पुढे येणार आहे, आत्ता फक्त नोंद करते की शिवत नव्हते.

आई उठली. लोकांनी वाट दिली, त्यांना वाटलं ती बाहेर चालली आहे. ती यंत्रापाशी आली, म्हणाली, "अशें न्हय." माझं मनगट धरून तिनं बी पात्यावर कशी बसवायची ते दाखवलं. शिवण कुठे येते, दाब कधी द्यायचा, पाय कधी सोडायचा. एक बी फोडली, अख्खा गर काढला आणि भांड्यात टाकला. मग म्हणाली, "हात दाखय." मी दाखवले. तिनं ताटलीतली राख घेतली आणि एकेका बोटाला चोळली, पेरांवर, बेचक्यांत, नखांच्या मुळाशी. कारखान्यात नवीन पोरगी आली की ती तिला असंच तयार करायची, हे मला मावशीनं नंतर सांगितलं. आईनं मान वर करून कुणाकडे पाहिलं नाही. काम झालं, ती जागेवर जाऊन बसली. मी पुढे फोडत राहिले, आणि त्यानंतरचे गर बऱ्यापैकी अखंड निघाले.

फोटो त्या मधल्या क्षणाचा आहे. त्यात माझं तोंड दिसतं, तिची पाठ दिसते. गर दिसत नाहीत.

संध्याकाळी चर्चा होती. या कृतीबद्दल मीच लिहिलेलं टिपण इंग्रजीत वाचून दाखवलं गेलं. त्यात 'अदृश्य श्रम', 'निषेध', 'देहाची स्मृती' असे शब्द होते, आणि ते मी लिहिले होते. शेजारी बसलेल्या एका मुलीनं ते आईला कोंकणीतून हळू आवाजात सांगितलं. कुणीतरी आईला विचारलं, तुम्हाला बघताना काय वाटलं? आई म्हणाली, "हिचे गर मोडत होते." लोक हसले, टाळ्या वाजल्या. ती विनोद करत नव्हती. लगेच कुणीतरी मला पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, हे ठरलेलं होतं का, आणि मी म्हटलं, नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं.

परतीच्या बसमध्ये तिनं दोन गोष्टी विचारल्या. पहिली: "राख तूच ठेवली होतीस ना? मग लावली का नाहीस?" दुसरी: "निषेध कुणाचा गो बाय? ज्या कामावर तू शिकलीस त्याचा?" पहिल्या प्रश्नावर मी गप्प बसले. दुसऱ्यावर मी बोलायला लागले. मजुरी, मालक, छातीत जाणारी धूळ, सगळं सांगितलं, आणि सगळं खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मग वाळपई येईपर्यंत ती काही बोलली नाही.

आठ तासांच्या त्या पाळीत तिच्या डोळ्यांसमोर माझी बोटं जळली तेव्हा ती दुखावली नव्हती. ती उठली, तिला जे येतं ते तिनं केलं. ती दुखावली त्या टिपणानं. करण्यात तिला जागा होती, बोलण्यात नव्हती. हे मला तेव्हापासून सोडत नाही, आणि आम्ही परफॉर्मन्सवाले आपल्या कामाबद्दल ज्या भाषेत बोलतो तिच्याशी माझं भांडण तिथून आहे.

आम्ही दोन तऱ्हांनी बोलतो. एक, "अर्थ तुम्हीच लावा" म्हणून हात झटकतो. दुसरी, अर्जासाठी आणि भिंतीवरच्या पाटीसाठी लिहितो त्या टिपणाची तऱ्हा, ज्यात प्रत्येक कृती कशाचा तरी प्रतिकार असते. विद्यार्थिनी असताना मी पहिल्या पंथाची होते. परफॉर्मन्समधली नावाजलेली कलाकार मारिना अब्रामोविच 2010 च्या सुमारास एका मुलाखतीत नाटकाबद्दल बोलली होती: तिथली सुरी खरी नसते, रक्त खरं नसतं, भावनाही खऱ्या नसतात. माझं ते ब्रीद होतं. ते मी माझ्या काकांनाही ऐकवलं. गावच्या देवळातल्या उत्सवी नाटकात ते आयुष्यभर कामं करत आले. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, तुमची वेळ ठरलेली? हो. जागा? हो. काय करायचं ते? हो. मग उरलं काय? मी म्हटलं, जे घडेल ते. ते म्हणाले, ते आमच्याकडेही उरतंच.

तेव्हाची मी आजच्या मला विचारील, मग तू आता काकांच्या बाजूची झालीस का? नाही झाले. काकांची सुरी खोटीच असते आणि माझं तेल खरं होतं, हा फरक माझ्या बोटांना माहीत आहे. पण परफॉर्मन्स कलाकार निखिल चोप्रा, जो गोव्यातच राहून काम करतो, लोकांसमोर कपडे बदलतो, रंग लावतो, पात्र होतो, आणि 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सलग 9 दिवस चित्र काढत राहतो. त्यात नाटक कुठे संपतं हे मला दाखवता येणार नाही, आणि त्यामुळे ते नऊ दिवस खोटे होत नाहीत.

तेव्हा 'ठरलं होतं का' या प्रश्नाकडे मी वस्तूंकडून जाते. जपानी कलाकार योको ओनोनं 1964 मध्ये क्योतोत रंगमंचावर बसून समोर कात्री ठेवली आणि लोकांना आपले कपडे कापू दिले. अब्रामोविचनं 1974 मध्ये नेपल्सला टेबलावर 72 वस्तू मांडल्या, 6 तास हालचाल न करता उभी राहिली, लोकांना म्हटलं, काहीही करा. त्यांत पिस्तूल होतं आणि एक गोळी होती. कुणीतरी ते भरून तिच्या मानेवर रोखलं. ते ठरलं होतं का? माणूस ठरला नव्हता. पिस्तूल ठरलं होतं.

आणि हे समजायला नेपल्सला जायची गरजही नाही. गोव्यातल्या साखळीचा वीरभद्र बघा, शिवाच्या त्या उग्र रूपाचं सोंग घेऊन माणूस नाचतो. तिथी ठरलेली, वाट ठरलेली, ताशाची चाल ठरलेली, तलवारी ठरलेल्या. साळ गावच्या गड्यांचंही, म्हणजे अंगात येणाऱ्या माणसांचंही, तेच, शिगम्यात त्यांची रात्र ठरलेली असते. मग भार येतो, अंगात संचार होतो. त्याला कुणी जाऊन विचारत नाही की हे आधी ठरलं होतं का, कारण सगळ्यांना माहीत असतं की ठरवल्याशिवाय मांड, म्हणजे विधीची जागा, भरत नाही आणि नुसतं ठरवून भार येत नाही. हेच लोक पणजीत आले की मला मात्र दोहोंतलं एक निवडायला लावतात. माझ्या कामाला देवाचा आधार नाही, मान्य. पण तेवढ्यावरून मी खोटी का ठरावी?

तर माझं उत्तर मी तेहचिंग शेच्या पद्धतीनं देते. तो तैवानहून न्यूयॉर्कला आलेला कलाकार. 1980 ते 1981 एक वर्षभर, दर तासाला, रात्रीही, कारखान्यातल्या घड्याळावर तो आपलं हजेरीकार्ड टोचत राहिला. 8,760 तासांपैकी 133 चुकले, आणि त्यानं त्यांची कारणं मांडून ठेवली: झोप लागली 94, उशीर झाला 29, वेळेआधी टोचलं 10. परफॉर्मन्सबद्दल बोलायची याहून प्रामाणिक तऱ्हा मला सापडलेली नाही. काय केलं, काय चुकलं, का चुकलं.

राख मी ठेवली. कारखान्यात असते म्हणून ठेवली, असं मी आयोजकांना सांगितलं, आणि ते खरं होतं. खुर्ची मी मांडली. तिच्यापासून यंत्रापर्यंतच्या वाटेत राखेची ताटली येत होती. आईला वेळ मी कळवली. तिला काही सांगितलं नाही. राख मी लावली नाही. का लावली नाही? त्या दिवशी मी स्वतःला सांगत होते की मला आईची जळजळ पूर्ण समजून घ्यायची आहे. तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या हाताशी राख ठेवून, न लावता बसले, तर ती काय करील हे मला माहीत नव्हतं का? मी तिची मुलगी आहे.

पण माहीत असणं म्हणजे ठरवणं नव्हे. ती उठली नसती तर मी पाळी संपेपर्यंत तशीच बसले असते, याची मला खात्री आहे. तिनं जे केलं ते तिचं आहे, ते माझ्या खात्यात लिहू नका. माझ्या कामाला लावता ते शब्द तिच्या त्या चार मिनिटांना लावू नका. आणि मी तिच्याकडून ते काढून घेतलं असंही म्हणू नका, जे काहीजणांनी मला म्हटलं आहे. जिनं शेकडो पोरींचे हात राखेनं माखले, तिला कुणी सहज वापरून घेईल इतकी ती भोळी नाही.

'निषेध' हा शब्द मी टिपणातून काढला. काही दिवसांनी परत घातला. कमी मजुरीवर जळलेल्या बोटांना दुसरं काय म्हणायचं? पुन्हा काढला. सध्या टिपणात फक्त वस्तूंची यादी, वेळ आणि सूचना आहे. काही संस्थांना ते पुरत नाही, अर्ज परत येतो.

आता दुसऱ्या एका शहरातून ही कृती पुन्हा करण्याचं आमंत्रण आलं आहे. पत्रात विचारलंय, आई येतील ना, प्रवासखर्च देऊ. मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, मी तिथे काय करायचं? मी म्हटलं, तेच, राख. ती म्हणाली, राख लावायला मी येणार नाही, तुला आता लावता येते. यायचं तर माझं यंत्र वेगळं लाव, मी फोडते.

पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिनं यंत्रावर बसू नये असं मला वाटतं. तिचे हात पुन्हा जळू नयेत म्हणून वाटतं, की ती बसली तर माझ्याकडे कुणी बघणार नाही म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.