तुम्ही विचारलेत म्हणून : उलट फिरणारा होल डिगर

पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे इंजिनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्यावर, व्यवस्थित चालणारा होल डिगर (खड्डे खणायचे यंत्र) मी हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर, का नेला आणि त्यामुळे खड्डे लवकर होतात का, हा प्रश्न मला कुंपणाचे किंवा झाडे लावण्याचे काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक ओळखीच्या माणसाने विचारला आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण गैरसमज तिथेच आहे. खड्डे लवकर होत नाहीत. मोकळ्या मातीत तर थोडे सावकाशच होतात. ऑगर, म्हणजे खड्डा खणणारा पिळाचा दांडा, उलटा फिरावा आणि लिव्हर सोडताच थांबावा, एवढ्या दोनच गोष्टींसाठी मी हा खटाटोप केला.

माझ्या ट्रॅक्टरचा पीटीओ एकाच दिशेने फिरतो. ऑगर मुळाखाली किंवा दोन दगडांच्या बेचक्यात शिरला की तो स्क्रूसारखा जमिनीत रुतत जातो, शिअर बोल्ट (जोर जास्त झाला की आधी तुटावा म्हणून घातलेला बोल्ट) तुटतो, आणि मग लिफ्टने ओढायला जावे तर ट्रॅक्टरचे मागचे टायर दबतात, पण ऑगर हलत नाही. माझा ३० सेंटिमीटर व्यासाचा ऑगर एकदा असाच एका जुन्या मुळाखाली ८० सेंटिमीटर खोलीवर अडकला. शाफ्ट सोडवून ऑगरच्या दांड्याला पाइप पाना लावला, पान्याच्या मुठीवर लांब नळ चढवला आणि पाव-पाव फेरीने तो उलटा काढत बसलो. दर पाव फेरीला पाना काढायचा, पुन्हा लावायचा, दात घसरले की बोटे दांड्यावर आपटायची. सगळी सकाळ त्या एका खड्ड्यात गेली, आणि यंत्राला मागे फिरता येत नाही हा त्यातला केवढा मोठा दोष आहे, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळले.

दुसरे कारण, म्हणजे लगेच थांबण्याचे, अधिक गंभीर आहे. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे. उघड्या शाफ्टने शर्टाचे टोक पकडले तर माणसाला हात मागे घेण्याइतकाही अवधी मिळत नाही. त्यात कडक जमिनीत ऑगर उतरत नाही म्हणून बूमवर (ऑगर जिला टांगलेला असतो त्या आडव्या भुजेवर) वजनाला माणूस उभा करतात, हे मी स्वतः पाहिले आहे आणि आजही आठवले की पोटात गोळा येतो. ते कोणीही, कधीही करू नये.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. सुरुवात हायड्रॉलिक मोटर (तेलाच्या दाबावर फिरणारी मोटर) विकत घेण्यापासून करू नका, तेल मोजण्यापासून करा. मी फ्लोमीटर लावून पाहिले तेव्हा ट्रॅक्टरच्या स्वतःच्या पंपाकडून मिनिटाला जेमतेम २० लिटर तेल मिळत होते. दाब बारमध्ये घेऊन त्याला मिनिटाच्या लिटरांनी गुणायचे आणि ६०० ने भागायचे, की शक्ती किलोवॅटमध्ये येते. म्हणजे १५० बारला २० लिटर तेल फक्त ५ किलोवॅट देते, आणि ३० सेंटिमीटरच्या ऑगरला मुरमात तेवढ्यावर भागत नाही. शिवाय तोच पंप लिफ्टलाही तेल पुरवतो आणि तेच तेल ट्रान्समिशनमध्येही असते. उद्या मोटर आतून झिजली तर तिचा कीस थेट ट्रॅक्टरच्या पोटात जाणार, ही कल्पना मला सहन होण्यासारखी नव्हती.

म्हणून पीटीओच्या आखूड दांड्यावरच एकास तीन वेग वाढवणारा गिअर आणि त्याला २५ सीसीचा (दर फेऱ्याला २५ घन सेंटिमीटर तेल देणारा) गिअर पंप बसवला, पंपाचे अंग फिरू नये म्हणून ते साखळीने चॅसिसला जखडले आणि ६० लिटरची स्वतंत्र टाकी केली. ५४० ला पंप १६२० फेरे घेतो, हिशोबाने ४० लिटर आणि प्रत्यक्षात ३८ लिटर तेल देतो. लांब शाफ्ट गेला. उरलेला आखूड दांडा आच्छादनाखाली आहे. लिफ्ट पूर्वीसारखी ट्रॅक्टरच्याच तेलावर चालते, त्यामुळे ऑगर फिरवत असतानाही तो वर घेता येतो.

मोटर निवडताना मोह होतो तो गिअरबॉक्स काढून टाकून मोठी ऑर्बिट मोटर (सावकाश पण जोरात फिरणारी हायड्रॉलिक मोटर) थेट ऑगरवर बसवण्याचा. मी तसे केले नाही. ऑगरचे वजन, खेच आणि दगडावरचे हिसके जुन्या गिअरबॉक्सचे बेअरिंग वर्षानुवर्षे झेलत आले आहेत. साध्या मोटरच्या शाफ्टवर तो उभा भार टाकला तर तिचे बेअरिंग टिकत नाही. गिअरबॉक्स तसाच ठेवून त्याच्या इनपुटवर १६० सीसीची मोटर ब्रॅकेटने पक्की केली. गळती धरून तिचे सुमारे २२० फेरे होतात आणि तीनास एक गिअरबॉक्समुळे ऑगरला ७३ मिळतात. पूर्वी १८० मिळत होते. त्या बदल्यात १५० बारला ऑगरवर साधारण ९७५ न्यूटन मीटरचा पीळ (टॉर्क) मिळतो. ब्रॅकेट वेल्ड करताना घाई नको. मोटर आणि इनपुट शाफ्ट एका रेषेत नसतील तर कपलिंग खडखडत राहते आणि सील लवकर जाते. मी आधी सगळे बोल्टवर जुळवून, हाताने फिरवून पाहिले आणि मगच टाके मारले.

एवढे करूनही पहिला खड्डा तिरका झाला. शोधता शोधता ओळंबा धरून पाहिले तेव्हा कळले की गिअरबॉक्स बूमच्या पिनवर लोंबकळतो, आणि त्याच्या ट्रॅक्टरकडच्या बाजूला आता मोटरचे वजन आल्यामुळे ऑगरचे टोक खालून मागे सरकले होते. मागच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांचे वजन बांधून, एकेक पट्टी वाढवत, ऑगर ओळंब्यात आणला.

दुसऱ्या दिवशी मोटरच्या शाफ्टपाशी तेल पाझरू लागले. दोष मोटरचा नव्हता, माझा होता. तेल टाकीकडे परत नेणारा होज (रबरी नळी) मी बारीक घेतला होता. त्यामुळे मोटरच्या मागे दाब साचून तो सीलवर येत होता. परतीचा होज जाड केला, मोटरच्या केसमधून टाकीपर्यंत वेगळी ड्रेन लाइन नेली आणि नवे सील घातले, तेव्हापासून ती जागा कोरडी आहे. बारीक गळती मात्र बोटाने कधीही चाचपू नका. दाबाखालचे तेल सुईसारखे कातडीत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहा.

व्हॉल्व्ह घेताना सिलिंडरचा नव्हे, मोटरचा स्पूल (व्हॉल्व्हमध्ये सरकून तेलाच्या वाटा बदलणारा दांडा) मागा. सिलिंडरचा स्पूल मधल्या जागी दोन्ही वाटा बंद करतो, फिरती मोटर एकदम अडते आणि दाबाचा तडाखा होज व कपलिंगवर बसतो. मोटरच्या स्पूलमध्ये त्या वाटा टाकीकडे मोकळ्या राहतात. लिव्हर स्प्रिंगने मध्यावर येणारी असावी, सीटवरून हाताशी असावी, आणि ती एका जागी अडकून राहील अशी खाच तिला नसावी. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरल्यापेक्षा वाढला की तेल टाकीकडे सोडणारा) मी १५० बारवर ठेवला आहे. ऑगर अडला की तो उघडतो, पण तसेच दाबून धरले तर साडेनऊ किलोवॅटची सगळी उष्णता तेलात जाते, म्हणून दोन सेकंदांत लिव्हर सोडायची.

मग उलट फिरवायचे. पण तेही एक-दीड फेराच. जास्त फिरवले तर पात्यांवरची माती सगळी पुन्हा खड्ड्यात पडते. ऑगर सैल झाला की लिफ्टने सरळ वर घ्यायचा. टोक आट्यांवर बसवलेले असेल तर ते उलट फिरताना सुटू शकते, म्हणून माझ्या टोकाला मी आडवा बोल्ट मारला आहे.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. हायड्रॉलिकमुळे ऑगर खाली रेटला जात नाही. तीन पॉइंटच्या लिफ्टला बहुधा खाली दाबता येत नाही. ऑगर उतरतो तो स्वतःच्या वजनाने आणि टोकाच्या ओढीने, आणि म्हणून झिजलेले दात बदलल्याने जितका फरक पडतो तितका मोटरने पडत नाही. तुमची जमीन मोकळी असेल, मुळे आणि दगड क्वचितच लागत असतील, तर पीटीओचाच डिगर ठेवा, शाफ्टवर आच्छादन बसवा, दात नवे घाला, आणि शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून त्या जागी अधिक कठीण बोल्ट घालू नका, कारण मग तुटायचे ते गिअरबॉक्सचे दात तुटतात.