डावं, उजवं आणि छाट

बारावीला ‘राजकीय पक्ष’ शिकवायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. फळ्यावर आडवी रेष मारायची, एका टोकाला ‘डावे’, दुसऱ्या टोकाला ‘उजवे’ लिहायचं आणि १७८९ ची गोष्ट सांगायची. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाचा अधिकार राखू पाहणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसायचे, तो छाटू पाहणारे डाव्या हाताला. बसायच्या जागेवरून नावं पडली ती आजवर टिकली. मग खडू पोरांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, या, तुमच्या माहितीतले पक्ष मांडा.

यंदा पहिला खडू घेतला सांगोल्याच्या एका पोरीनं. तिनं पार डावीकडे ‘शेकाप’ लिहिलं, खाली ‘लाल बावटा’. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, “ए, लाल बावटा आमचा हाय की. मास्तरांचा!” बोलणारा सोलापूर शहरातला, पूर्व भागातला. आजी बिडी वळते त्याची. जुंपली दोघांची. मी मध्ये पडलो नाही, कारण दोघंही बरोबर होते.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात लाल बावटे दोन. सांगोल्याकडे लाल बावटा म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. १९४७ साली जेधे, मोरे ही मंडळी काँग्रेसला वैतागून वेगळी झाली आणि १९५० च्या दाभाडी अधिवेशनात पक्षानं मार्क्सवाद पत्करला. पण कम्युनिस्टांच्या घरात राहायला काही गेले नाहीत. सोलापूर शहरात लाल बावटा म्हणजे माकप, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष, म्हणजे नरसय्या आडम ऊर्फ आडम मास्तर, म्हणजे बिडी कामगारांची युनियन. मार्क्स एकच, पण सांगोल्याच्या मार्क्सला टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याची काळजी आणि पूर्व भागातल्या मार्क्सला बिडीच्या मजुरीची. गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले, एसटीनं फिरले. आडम मास्तर तीन वेळा आमदार झाले. दोघांच्याही पक्षाला राज्यात बाकी ठिकाणी शोधायला दिवा घेऊन जावं लागतं. (रायगडवाले रागावतील. तुमचा अलिबाग ठाऊक आहे मला.)

रेषेचं पुढं काय झालं ते सांगतो. भाजप उजवीकडे गेला, काँग्रेस मध्यावर, इथवर ठीक. मग एकानं विचारलं, “सर, १९९१ ला बाजार खुला कुणी केला?” काँग्रेसनं. काँग्रेस थोडी उजवीकडे सरकली. “आणि लाडकी बहीण?” महायुतीची, १५०० रुपयांची, महाविकास आघाडीनं २०२४ ला ३००० कबूल केले होते. यातलं डावं कुठलं? महायुती डावीकडे सरकवायची का? वर्गात हशा. रिपब्लिकन पक्ष कुठं लिहायचा यावर तर पोरं अडलीच. १९५७ ला स्थापन झालेला पक्ष, त्याचे गट किती ते सांगायला मलाही बोटं मोजावी लागतात, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न या रेषेवर मावतच नाही. जात ही काही फ्रान्सच्या सभेत बसलेली नव्हती. मग वरून खाली दुसरी रेष मारली. तीही पुरेना. एक पोरगा म्हणाला, “सर, भाषेची पण एक मारा. आमच्या गल्लीत पत्रक तेलुगूत येतंय, अक्कलकोटला कन्नडमध्ये.” तास संपेपर्यंत फळ्यावर कोळ्याचं जाळं झालं होतं.

आणि मग तो प्रश्न, जो २०१९ पासून प्रत्येक बॅच विचारते. “सर, पक्षाला विचारधारा असती तर नोव्हेंबर २०१९ पासून जुलै २०२३ पर्यंत एकच माणूस तीनदा उपमुख्यमंत्री कसा होतोय, ते पण दोन बाजूंनी?” मी पक्षांतरबंदी कायदा सांगितला. १९८५ ला आला, तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं; २००३ च्या दुरुस्तीनं ते दार बंद केलं, आता दोन तृतीयांश लागतात आणि तेही विलीन होण्यासाठी. निवडणूक चिन्हांचा १९६८ चा आदेश सांगितला, त्याच्या आधारानं आयोगानं धनुष्यबाण आणि घड्याळ कुणाला दिलं तेही सांगितलं. पोरांनी लिहून घेतलं, परीक्षेत येतं म्हणून. पण पोरानं विचारलं होतं ‘का’ आणि मी सांगितलं ‘कसं’. हे मला घरी जाताना, अक्कलकोट रोडला रिक्षात बसल्यावर कळलं.

घरी म्हणजे कुंभारीला, अम्माकडे. शनिवारी जातो. अम्मानं चाळीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, पत्र्याचा फर्मा, कात्री, तंबाखूची चिमूट. पान फर्म्यावर कापायचं, चिमूट पसरायची, वळायचं, तोंड नखानं दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे. दिवसाला हजार झाल्या की हात थांबायचा. उजव्या अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे. दुसऱ्या दिवशी माल कारखान्यात नेऊन द्यायचा आणि तिथला माणूस जुड्या बघून बाजूला काढायचा: ही बारीक, ही फाटकी, ही सैल. ती ‘छाट’. छाटचे पैसे नाहीत आणि छाटच्या बिड्या परतही नाहीत! कुठला कारखाना ते लिहीत नाही. लहानपणी भद्रावती पेठेतल्या आमच्या खोलीत मी ‘भांडवलशाही’ हा शब्द ऐकण्याआधी ‘छाट’ हा शब्द शिकलो.

आमच्या घरात पक्ष तीन होते. अम्मा लाल बावट्याची. नाना, म्हणजे वडील, यंत्रमागावर होते आणि कडवे भगवे; मालकानं त्यांचा फंड भरला नाही तेव्हा चौकशीला मात्र युनियनच्या ऑफिसातच गेले, टोपी खिशात घालून. धाकटे काका हाताचा पंजा, कारण सुशीलकुमार शिंद्यांनी एकदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. मतदानाच्या दिवशी तिघं एकत्र केंद्रावर जायचे, येताना चहा प्यायचे. अम्माचं तर मतही एका ठिकाणी राहायचं नाही. विधानसभेला मास्तर, लोकसभेला पंजा आणि महानगरपालिकेला “ज्याला नळाचं पाणी कधी येतंय ते पाठ हाय तो”. मी कॉलेजात असताना तिला म्हणालो होतो, हे काही तत्त्वाचं नाही. तिनं वर न बघता सूप झटकलं.

कुंभारीचं हे घर बिडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतलं. दहा हजार घरं. झेंडा लाल, पण २००६ साली कार्यक्रमाला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. तेव्हा डाव्यांचा त्यांच्या सरकारला बाहेरून पाठिंबा होता. पुढं शेजारी रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांचं. त्यातल्या पंधरा हजार घरांचा कार्यक्रम जानेवारी २०२४ मध्ये झाला आणि आले नरेंद्र मोदी. मधे, २०१९ च्या अशाच एका कार्यक्रमात मास्तरांच्या तोंडून मोदींचं कौतुक निघालं, तर त्यांच्या पक्षानं त्यांना तीन महिने केंद्रीय समितीतून निलंबित केलं. मला हे प्रकरण कधीच नीट पचलं नाही. एकीकडे वाटतं, घर मिळवून देणाऱ्याला दोन बरे शब्द बोलायची मुभा नको? दुसरीकडे वाटतं, अख्खा पक्षच्या पक्ष रात्रीत उचलून नेला जातो त्या राज्यात, कुणीतरी नुसत्या कौतुकाबद्दल माणसाला जाब विचारतंय. वर्गात हे सांगायला हवं होतं. पुढच्या वर्षी सांगेन.

आणि एक. ‘मतं खाल्ली’ हा शब्द मला सोसत नाही. २०१९ ला सोलापूर लोकसभेत भाजपचे जयसिद्धेश्वर महास्वामी दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे दुसरे, वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर तिसरे. तिसऱ्याची मतं त्या फरकापेक्षा जास्त होती. झालं, चौकाचौकात, “वंचितनं मतं खाल्ली.” अहो, ती मतं काय दुसऱ्याच्या ताटातली भाकरी होती? ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो विजयी, बाकीचे घरी, अशी आपली पद्धत. त्यात छोट्या पक्षाला मत देणाऱ्याला फुकट घालवल्याचा ठपका बसतो. तरी लोक देतात. सांगोल्यात २०१९ ला शेकाप थोडक्यात पडला, गणपतराव २०२१ ला गेले, पक्ष संपला असं सगळ्यांनी लिहून टाकलं. २०२४ ला त्यांचा नातू त्याच पक्षावर निवडून आला. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या आजोबांनी मधल्या पाच वर्षांत गाडीवरचा झेंडा काढला नव्हता म्हणे.

आमच्या जुन्या गल्लीत एका पक्षाचं संपर्क कार्यालय होतं. पक्षाचं नाव नको. निकालाच्या तिसऱ्या दिवशी तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान लागलं. नानांनी शेवटपर्यंत त्याच पक्षाला मत दिलं, पण त्या दुकानासमोरून जाताना मान वळवायचे.

तर शनिवारी अम्मापुढं माझं रडगाणं गायलो. रेष पुरत नाही, पोरं हसतात वगैरे. मग एक गंमत म्हणून सांगितलं, की १९८९ पासून कायदा असा आहे की पक्षाची नोंदणी करायची तर त्याच्या घटनेत लिहून द्यावं लागतं: समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर आमची निष्ठा राहील. लाल, भगवा, निळा, हिरवा, सगळ्यांनी लिहून दिलंय.

“सगळ्यांनी?” अम्मा तेलुगूतच बोलते, मी मराठीत सांगतोय.

“सगळ्यांनी.”

“समाजवाद म्हणजे मास्तर सांगतात तोच ना?”

“बराचसा तोच.”

तिनं चष्मा कपाळावर सरकवला, हात पुढं केला आणि बोटं हलवली, पैसे मोजून घेतात तशी. “मग माझ्या चाळीस वर्षांच्या छाटचे पैसे कुठल्या ऑफिसात मिळतात, तेवढं विचारून ये.”