वाटी उघडली

भाऊबीजेच्या सकाळी सिंकमधलं पाणी हलेना. आधीचे चार दिवस चकल्यांच्या कढया तिथेच धुतल्या होत्या, त्यामुळे चौकशी समिती नेमायची गरज नव्हती. प्लंबरने फोन उचलला, पण तो गावी पोचला होता. ‘तुळशीच्या लग्नानंतर बघू,’ म्हणाला.

जुन्या घरात मोरी होती. ती तुंबली की आई खराट्याचा एक हीर उपसायची, जाळी उचलून आत फिरवायची, की भाताची शितं आणि केसांचा गुंता बाहेर. सिंकचा सगळा कारभार मात्र दाराआड.

पहिला प्रयोग खायचा सोडा आणि व्हिनेगरचा. काय तो फेस! आम्ही तिघं कौतुकाने बघत उभे. फेस बसला, पाणी होतं तिथेच. मग शाळेतलं रसायनशास्त्र आठवलं. दोघं एकमेकांचा जोर मारतात, कार्बन डायऑक्साइड वर निघून जातो आणि खाली उरतं सोडियम अॅसिटेटचं मचूळ पाणी. तेलाच्या थराला त्याचं काय? त्याला साबण आणि कढत पाणी लागतं. तेही उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो.

कपाटात कॉस्टिक सोड्याची पुडी होती. कॉस्टिक तेलाचाच साबण करतो, हे खरं. पण भरल्या सिंकमध्ये ती ओतली आणि तरीही पाणी उतरलं नाही, तर त्यात हात कोण घालणार? पुडी परत आत.

शेवटी सिंकखाली शिरलो. कांद्याची टोपली आणि रिकामे डबे बाजूला केल्यावर ती दिसली, लटकलेली पांढरी प्लास्टिकची बाटली. अकरा वर्षं मी तिला ओझरतं पाहत होतो, ही कशासाठी, असं कधी मनातही आलं नाही. तिच्या तळाची वाटी हाताने फिरते. पान्हाही लागत नाही! सिंकमधलं पाणी मगाने उपसलं, बादली खाली सरकवली आणि वाटी फिरवली.

भस्सकन सगळं बादलीत. राखाडी, लोण्यासारखा गोळा, त्यात दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा आणि बोटभर मोड आलेली एक मटकी. त्या अंधारात, त्या चिकटाणात तिने मोड काढले होते.

मागोमाग गटाराचा वास घरभर. वाटीत एरवी थोडं पाणी साचून राहतं आणि तेच हा वास अडवतं. वाकड्या नळीत पाणी अडवून ठेवायच्या युक्तीचं पेटंट 1775 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने घेतलं. घड्याळांतून तो संडासाकडे कसा वळला असेल, याचा विचार मी नाक दाबून केला.

वाटी घासून बसवली तर थेंब थेंब गळायला लागली. वायसर उलटा बसला होता. पुन्हा उघडली, पुन्हा बसवली. आईने तांब्याभर पाणी ओतलं आणि कान देऊन ऐकलं. गुडगुड न करता सरळ खाली गेलं.

मग मी हीर शोधायला लागलो. न्हाणीघरातली जाळी राहिली होती ना! बाहेर बेल वाजली.

“अरे, आधी हात धू,” आई म्हणाली, “ओवाळायला आलीय ती.”