ऊन शिकवायला पैसे कशाला?

"अहो, डॉक्टरांना ऊन-वारा शिकवायला सरकारने पैसे कशाला घालायचे? साडेपाच वर्षं शिकून आलेली माणसं ती. त्यापेक्षा दवाखान्यात औषधं द्या की!"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या मीटिंगनंतर विचारतात, आणि खुद्द डॉक्टर मंडळीही विचारतात. त्यांचा सूर जरा जास्त टोचरा असतो. मी सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य, शिकवते; ज्या तासाला मागच्या बाकांवर सर्जरीची तयारी चालते तो विषय. वर्षातून काही वेळा पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या, मेडिकल ऑफिसरांना उष्माघात, हवेचं प्रदूषण, कीटकनाशकांची विषबाधा अशा विषयांचं प्रशिक्षणही देते. त्याचे पैसे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतात. तेव्हा हा प्रश्न मला विचारणं रास्तच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

सरकारने पैसे द्यायचे, कारण दुसरं कोणीच देत नाही.

महाराष्ट्रात डॉक्टरला आपली नोंदणी चालू ठेवायची तर पाच वर्षांत 30 क्रेडिट तास भरावे लागतात. ते भरतात ते बहुतेक सीएमई नावाच्या, डॉक्टरांचं ज्ञान ताजं ठेवण्यासाठीच्या कार्यक्रमांतून. संध्याकाळी हॉटेलात व्याख्यान, बाहेर कंपन्यांचे स्टॉल, मग जेवण. मधुमेहाच्या नव्या गोळीवर अशी व्याख्यानं रग्गड होतात. रक्तदाबावर होतात, अँटिबायोटिकवर होतात. मला त्यात काही कट-कारस्थान दिसत नाही. ज्याला माल विकायचा आहे तो मांडव घालणारच. पण सावली, पाणी आणि दुपारची दोन तासांची सुट्टी यांच्यावर एमआरपी छापलेली नसते. शेतमजुराने फवारताना तोंड झाकावं, यातून कुठल्या औषध कंपनीचा काय फायदा? दम्याचं आणि सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराचं, व्याख्यान होतं, नाही असं नाही. पण ते सुरू होतं इनहेलरपासून, चुलीपासून क्वचितच. पुण्याचे श्वसनरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत 2009 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं, की आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्या माणसांनाही सीओपीडी होतो आणि त्यामागे चुलीचा धूर हे मोठं कारण आहे. आपल्याकडे आजही साठीची बाई धाप लागते म्हणून आली, तर केस पेपरवर तंबाखूची नोंद होते. स्वयंपाक कशावर करता, हे विचारायचं राहूनच जातं.

एमबीबीएसला हे शिकवत नाहीत का? शिकवतात. हवा, पाणी, आवाज, किरणोत्सर्ग यांचे धोके अभ्यासक्रमात आहेत. विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची, हे हॉरॉक्सचं यंत्र समोर ठेवून प्रॅक्टिकलला करूनही घेतो आम्ही. पण तो धडा पाण्याचा राहतो, पेशंटचा होत नाही. वॉर्डातल्या मुलाचं हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून लोहाची बाटली दिली जाते. पण शिशानेही हिमोग्लोबिन उतरतं; त्याचे वडील घराच्या पडवीत शिशाच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात का, हे कोण विचारणार? युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी 2020 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतात 27 कोटींहून जास्त मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅमच्या वर आहे. इतकी मुलं कुठल्या ना कुठल्या ओपीडीत येऊन गेलीच असतील.

पण ज्या घटनेमुळे माझी याबाबतची मतं पक्की झाली ती यवतमाळची.

2017 चा पावसाळा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळी आणि इतर किडींनी शेतकरी हैराण, म्हणून दोन-तीन कीटकनाशकं एकत्र कालवून फवारणी सुरू होती. झाडं उंच, त्यामुळे पंपाचा नोझल वर धरायचा. फवारा थेट तोंडावर, छातीवर. दमट हवा, घामाने भिजलेला सदरा, तोंडाला फार तर रुमाल. जुलैपासून माणसं उलट्या, घाम, अंधारी, डोळ्यांची आग घेऊन दवाखान्यात येऊ लागली आणि ऑक्टोबरपर्यंत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक मृत्यू झाले. शेकडो माणसं दवाखान्यात भरती झाली. सरकारने विशेष तपास पथक नेमलं.

आता हे डॉक्टरच्या टेबलावरून बघा. कीटकनाशक म्हटलं की शिकलेल्या डॉक्टरच्या डोक्यात पहिलं येतं ऑरगॅनोफॉस्फेट. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, नाडी मंद. त्यावर अ‍ॅट्रोपिन. हे पाठ असतं आणि बरोबरही असतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस याच घराण्यातली. पण शेतात वापरली जाणारी सगळीच रसायनं त्या घराण्यातली नसतात. डायफेन्थियुरॉन वेगळं, पायरेथ्रॉइड वेगळी. त्यांच्यावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा नाही. उगीच वाढवत नेलं तर पेशंट जास्तच बिथरतो. आणि इथे तर डब्यात काय काय कालवलं होतं, हे पेशंटलाच धड ठाऊक नव्हतं. अनेक जण दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीने फवारणारे. बाटली मालकाच्या घरी. विषाचा प्रकार ओळखायला मदत होईल अशी रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी करण्याची सोय त्या वेळी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नव्हती.

यात आणखी एक धागा आहे, आणि तो मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. केस पेपरवर डॉक्टर काय लिहितो? 'विषबाधा' एवढंच लिहिलं, तर वाचणारा 'प्यायला असेल' असं धरून चालतो. कापूसपट्ट्यातला आमचा इतिहासच तसा आहे. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा बसते, मृत्यू झाल्यास घरच्यांना 2 लाख रुपये मिळतात; आत्महत्या बसत नाही. म्हणजे रात्री दोन वाजता, सोळा तास ड्यूटी करून पेंगुळलेल्या इंटर्नने 'फवारणी करताना, त्वचेतून व श्वासातून' हे शब्द लिहिले की नाही, त्यावर एका घराचे दोन लाख ठरतात. हे त्याला कोणी कधी शिकवलंय? औषधशास्त्राच्या पुस्तकात नाही, न्यायवैद्यकाच्या तासाला नाही, कंपनीच्या जेवणावळीत तर नाहीच नाही.

आणि ही नोंद नुसती भरपाईसाठी लागत नाही. डॉक्टरने लिहिलं तर आकडा होतो, आकडा झाला तर पुढच्या वर्षी त्या तालुक्यासाठी तरतूद मागता येते. लिहिलंच नाही तर सरकार म्हणतं, तुमच्याकडे तर केसेसच नाहीत. उन्हाचं हेच होतं. दुपारी शेतात कोसळलेल्या म्हाताऱ्याचा मृत्यू 'हृदयविकार' म्हणून नोंदला जातो, कारण अखेरीस हृदय थांबलेलंच असतं.

उन्हाकडे येतेच. 2019 मध्ये केंद्राने हवामानबदल आणि मानवी आरोग्य यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र तो चालवतं आणि आमच्यासारख्यांची बहुतेक प्रशिक्षणं त्यातूनच होतात. त्याच्या आधी अहमदाबादने हे करून दाखवलं होतं. मे 2010 मध्ये तिथे पारा 46.8 अंशांवर गेला. नंतर अभ्यासकांनी हिशोब मांडला, तर त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले होते. 2013 मध्ये महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला, त्यात डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हा एक मुख्य भाग होता.

"उन्हात काय शिकवायचं?" म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की उष्माघाताच्या पेशंटला पॅरासिटामॉल द्यावं का? भरल्या हॉलमध्ये निम्मे हात वर होतात. तापात मेंदूच शरीराचा पारा वर सरकवतो आणि गोळी तो खाली आणते. उष्माघातात थंड होण्याची व्यवस्थाच कोलमडलेली असते, तिथे गोळीचा उपयोग शून्य. कपडे काढा, बर्फाचं पाणी, पंखा, आणि हे सगळं अर्ध्या तासात. अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत नव्हे. दुसरं, काखेतला थर्मामीटर फसवतो. आतलं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असताना तो साळसूदपणे 38 दाखवू शकतो. तिसरं, हवेचा पारा चाळीसवर गेला नाही म्हणून निर्धास्त राहायचं नसतं. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला लाखोंनी माणसं भर उन्हात बसली होती. त्या भागात पारा चाळीसच्या आतच होता. 14 जण गेले. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, मग तो येऊन उपयोग काय? हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्यासुद्धा किनाऱ्यासाठी 37 पासून सुरू होते, मैदानी भागासाठी 40 पासून.

इथवर आलं की डॉक्टर मित्र गप्प होतात आणि हिशोबी माणसं सरसावतात. "बरं, पण एवढे पैसे खरंच कामी येतात का?"

हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो, कारण याचं उत्तर देताना मला माझ्याच खात्याला टोचता येतं. आरोग्य अभियानाचे पैसे केंद्र 60 आणि राज्य 40 या वाट्याने येतात. जिल्ह्याने पीआयपीत, म्हणजे अभियानाच्या खर्चाच्या आराखड्यात, मागणी घालायची, ती वर मंजूर व्हायची, मग निधी उतरणार. उतरतो तेव्हा बऱ्याचदा आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं. मग 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचा म्हणून धडाधड बॅचेस लागतात. एका दिवसात सहा व्याख्यानं, एक फोल्डर, एक पेन, जेवणात गुलाबजाम आणि शेवटी ग्रुप फोटो. एसी हॉलमध्ये उष्माघात शिकवून आम्ही मोकळे. त्या मेडिकल ऑफिसरच्या पीएचसीत बर्फ कुठून येणार, फ्रीज लसींसाठीच आहे, लाइट दुपारी जाते, यावर बोलायला वेळच उरत नाही. पोस्ट-टेस्टचे गुण मात्र उत्तम येतात. मी तपासलेत.

तरी मोठ्या रकमा कुठे जातात तेही बघा. जानेवारी 2019 मध्येच शहरांच्या हवेसाठी राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात हजारो कोटी आले. 2024 मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने बघितलं तेव्हा त्यातले 64 टक्के रस्त्यांची धूळ आवरण्यावर गेले होते. झाडणारी यंत्रं, पाण्याचे फवारे. यंत्र दिसतं, त्याला हार घालता येतो. डॉक्टरने पेशंटला एक प्रश्न जास्त विचारला, याचं उद्घाटन कसं करणार?

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. सरकारी पैशाने शिकवलेल्या धड्यात सरकारच्या सोयीचंच येतं. आम्हाला मिळणाऱ्या स्लाइडमध्ये टोपी घाला, पाणी प्या, मास्क लावा, सकाळी खिडक्या बंद ठेवा हे सगळं असतं. कोणत्या धुराड्यातून काय येतं, पाण्याच्या नमुन्याची तक्रार डॉक्टरने कुणाकडे करायची, प्रदूषण मंडळाचे आकडे कसे मागायचे, हे नसतं. 1984 साली भोपाळमध्ये हमीदिया रुग्णालयासमोर हजारो माणसं येऊन पडली, तेव्हा कोणता वायू आहे आणि त्यावर काय द्यायचं हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. कारखाना शहरात कित्येक वर्षं उभा होता. आज तुमच्या एमआयडीसीत काय बनतं, हे तिथल्या पीएचसीच्या डॉक्टरला ठाऊक आहे का, विचारून बघा.

अमेरिकेत 1998 पासून सरकारी पैशाने मुलांच्या पर्यावरणीय आरोग्याची विभागवार तज्ज्ञ केंद्रं चालतात. एखाद्या बालरोगतज्ज्ञाला शिसं, पारा, बुरशी यांबद्दल शंका आली तर तो फोन करून विचारतो. मला एक दिवसाच्या कार्यशाळेपेक्षा ही कल्पना जास्त पटते, कारण शंका पेशंट समोर असताना येते, गुलाबजाम समोर असताना नाही. पण सरकारी पैशाचा भरवसा तिथेही नाही. एप्रिल 2025 मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेतल्या, बालकांच्या शिसेबाधेवर काम करणाऱ्या चमूलाच घरी पाठवलं गेलं. नेमकं तेव्हाच मिलवॉकी शहर शाळांमधल्या शिशासाठी त्यांच्याकडे मदत मागत होतं.

तेव्हा पैसे हवेतच, पण माझ्या हातात असतं तर मी ते हॉलवर कमी आणि फोनवर जास्त घातले असते. जिल्ह्याला एक विषबाधेचा जाणकार, फवारणीच्या चार महिन्यांत रात्रीही फोन उचलणारा. जिल्हा रुग्णालयात कोलिनेस्टरेजची तपासणी. केस पेपरवर छापील तीन ओळी: काम काय करता, स्वयंपाक कशावर, पाणी कुठलं. प्रशिक्षण मार्चऐवजी फेब्रुवारीत उन्हाचं आणि जूनमध्ये फवारणीचं, तेही पीएचसीत जाऊन, नर्सताई आणि आशाताईंसकट, कारण पेशंट आधी त्यांनाच दिसतो.

आमच्या जिल्ह्याच्या पीआयपीत यंदा आम्ही दर पीएचसीला गुदमार्गाने तापमान मोजायचा थर्मामीटर आणि बर्फाचं एक कपाट मागितलं आहे. कपाटावर लेखा विभागाने शेरा मारलाय, "प्रशिक्षणाशी संबंध स्पष्ट करावा." उत्तर लिहून धाडलंय, चार पानी.