अंगावर बाळगायचं .३२ बोअर : इंदूरमध्ये निवड करताना

"रिव्हॉल्व्हर घेतोयस की पिस्तूल?" म्हणजे फिरत्या सिलिंडरमध्ये गोळ्या भरायचं शस्त्र की मुठीतल्या मॅगझीनमध्ये. लायसन्सची गोष्ट निघाली की ओळखीतला प्रत्येक माणूस आधी हेच विचारतो. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या नंबरावर यायला हवा. ते शस्त्र दिवसभर कुठल्या कपड्यांखाली राहणार आहे हा पहिला प्रश्न, आणि त्यात कुठली गोळी चालणार आहे हा दुसरा. या क्रमाने गेलं की तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं. उलट्या क्रमाने गेलेल्या माणसाचं शस्त्र पहिल्या उन्हाळ्यानंतर कपाटात जातं, कारण एप्रिलमध्ये ते अंगावर सहन होत नाही.

कपडे पहिले, कारण कायदाच तसं सांगतो. शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ सार्वजनिक जागी शस्त्र बाळगण्याबद्दल आहे. हँडगन अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या वस्तूत असावी, ती पूर्ण झाकलेली असावी आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर ताबा असावा, अशा त्याच्या अटी आहेत. म्हणजे आपल्याकडे शस्त्र झाकून बाळगणं ऐच्छिक नाही. पट्ट्याला बाहेरून लटकवून, मूठ दाखवत राजवाड्यावरून फिरणं नियमात बसत नाही. लग्नात हवेत बार काढणं तर त्याहून गंभीर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

लायसन्सच्या कागदांबद्दल थोडक्यात. वय किमान २१ हवं. अर्ज ए-१ नमुन्यात, सोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं एस-१ प्रमाणपत्र आणि शारीरिक-मानसिक आरोग्याचं एस-३ प्रमाणपत्र. अर्ज मोती तबेल्याच्या कलेक्टर ऑफिसमध्ये, चौकशी आपल्या थान्यातून. २०१९ पासून लायसन्सची मुदत पाच वर्षं आहे आणि एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. शस्त्राचा प्रकार अर्जातच लिहावा लागतो, म्हणून निवडीचा विचार अर्जाच्या आधी झालेला बरा.

आता कपडे. प्लायवुडचा एक तुकडा घ्या, साधारण सात इंच लांब आणि पाच इंच उंच, आणि तो हँडगनच्या आकारात कापा. रिव्हॉल्व्हरचा विचार असेल तर मधे सिलिंडरच्या जागी दोन्ही बाजूंना लाकडाच्या चकत्या चिकटवून जाडी सव्वा इंचाच्या पुढे न्या. पिस्तुलासाठी एक इंच पुरे. वजन ७०० ग्रॅम भरेपर्यंत शिसं किंवा नटबोल्ट लावा. कमरेला उजव्या कुल्ह्याच्या मागे, घड्याळात चार वाजतात त्या दिशेला हा तुकडा पँटीच्या आत खोचा आणि आठवडाभर घरात वावरा. पंगतीला मांडी घालून बसा, वरच्या फळीवरचा डबा काढा, स्कूटरवर बसा, गाडीत सीटबेल्ट लावा, वाकून चपलेचा पट्टा ओढा.

यातून कळतं की शर्टाबाहेर उठून दिसते ती मूठ, नळी नाही. नळी पँटीत खाली जाते, इंचभर लांब असली तरी फारसा फरक पडत नाही. मूठ पाठीकडे टोकासारखी बाहेर येते आणि वाकल्यावर पातळ कापडावर तिचा कोपरा उमटतो. इंदूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा आपण पांढरा मलमलचा कुडता किंवा फिका सुती शर्ट घालतो, आणि त्यात हे सगळ्यात जास्त दिसतं. चौकड्याचा, गडद, थोडा जाड आणि एक माप मोठा शर्ट बाहेर सोडला की आकार हरवतो. शर्टाचा घेर पट्ट्याखाली किमान पाच-सहा इंच हवा, नाहीतर हात वर केला की मूठ उघडी पडते. कुडता याबाबतीत उत्तम झाकतो, पण दोन्ही बाजूंच्या चिरा किती वरपर्यंत आहेत ते बघा. पँट कमरेत दीड-दोन इंच सैल शिवून घ्या. आणि पट्टा! नेहमीचा मऊ पट्टा ७०० ग्रॅमच्या ओझ्याने बाहेरच्या बाजूला झुकतो आणि मूठ अंगापासून सुटते. दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचा ताठ पट्टा घेतला की निम्मी अडचण तिथेच मिटते.

गोळीचा मुद्दा. परदेशी व्हिडिओंत दिसणारी बहुतेक छोटी पिस्तुलं ९ मिलिमीटरची असतात. ते आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं आणि गोळीचं माप) आहे, सामान्य लायसन्सवर मिळत नाही. राहतं मुख्यतः .३२. पण .३२ हे एक नाव आणि काडतुसं दोन, आणि ही गल्लत मी अनुभवी माणसांकडूनही ऐकली आहे. रिव्हॉल्व्हरचं काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग : केस (काडतुसाचं धातूचं कवच) २३ मिलिमीटरची, मागची कडा बाहेर आलेली, शिशाची ९८ ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). पिस्तुलाचं ७.६५ मिलिमीटर म्हणजे .३२ एसीपी : केस १७ मिलिमीटरची, कडा जेमतेम बाहेर, तांब्याच्या आवरणाची ७१ ग्रेनची गोळी. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या गोळीच्या घरात, जातं, आणि धोका तिथेच आहे. त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा बराच जास्त असतो आणि कडा नीट टेकत नाही. बसतंय म्हणून कधीही चालवू नका. दुकानात डबीवरचं पूर्ण नाव वाचून घ्या, नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका.

.२२ मधलं निडर रिव्हॉल्व्हर अडीचशे ग्रॅमच्या आसपास, अगदी हलकं. तरी मी ते सुचवणार नाही. .२२ च्या काडतुसात ठिणगीचा मसाला कडेत फिरवलेला असतो, तो एखाद्या ठिकाणी कमी पडला की बार फुसका जातो. मधोमध टोपी असलेल्या काडतुसाचा भरवसा त्याहून जास्त.

नवीन घ्यायचं तर प्रामुख्याने कानपूरची सरकारी शस्त्रं समोर येतात. जुनं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्या धर्तीचं, मधे मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं, तीन इंची नळीचं, सातशे ग्रॅमच्या घरातलं. निर्भीक हे त्याच घराण्यातलं, २०१४ मध्ये टायटॅनियम मिश्रधातूत आलं, वजन ५०० ग्रॅम; तेव्हा किंमत सुमारे १ लाख २२ हजार होती. २०२३ मध्ये प्रबळ आलं. त्याची नळी ७६ मिलिमीटर, वजन पुन्हा सातशेच्या आसपास, पण सिलिंडर बाजूला उघडतो आणि चौकट अखंड आहे. मला हा फरक मोठा वाटतो. मोडून उघडणाऱ्या शस्त्रात सगळा ताण बिजागरी आणि वरच्या खिटीवर येतो, वर्षांनी तिथे ढिलाई येते. दोनशे ग्रॅमची बचत दिवसाच्या शेवटी कमरेला नक्की जाणवते, हे खरं. .३२ लाँगचा धक्का मुळात सौम्य असल्याने हलक्या शस्त्रातही तो पेलवतो. ज्यांची बांधणी सडपातळ, किंवा जे दिवसभर काउंटरवर बसतात, त्यांनी वजनाकडे आधी बघावं. बाकीच्यांना मी अखंड चौकट सांगेन.

जुन्या बाजारात विलायती पिस्तुलं दिसतात : वॉल्थर पीपीके, कोल्ट १९०३, ब्राउनिंग १९१०, चेक बनावटीची काही. खासगी आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे, त्यामुळे भाव चढेच असतात. पीपीके खरोखर सुंदर आहे, चपटं आहे, कमरेत लपतं. पण ही पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची. स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग, कुलूपबंद नसते, तिचं वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवरच सगळं चालतं, म्हणून स्प्रिंग कडक असते. अंगठ्यात संधिवात असेल, मनगट नाजूक असेल, तर स्लाइड मागे ओढणं जड जातं. शिवाय कडा जेमतेम बाहेर असलेल्या काडतुसाचा एक खास आजार आहे. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली, की दोन्ही एकमेकांत गुंततात आणि मॅगझीन जागीच थांबतं. प्रत्येक काडतूस आत सरकवताना त्याची कड खालच्याच्या पुढे आहे ना, हे बघत भरायचं. सुटे मॅगझीन आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस ओढून काढणारा आकडा) मिळणं अवघड, मॅगझीनचे ओठ वाकले तर पिस्तूल निरुपयोगी. पहिलंच शस्त्र असेल तर रिव्हॉल्व्हर घ्या, असं मी ठामपणे सांगतो. बार फुसका गेला तर पुन्हा चाप ओढायचा, एवढंच काम.

वापरलेलं घेताना तपासणीला घाई करू नका. आधी रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री, नळी सुरक्षित दिशेला, मग पुढचं. सिलिंडरला बोटाचा हलका अडथळा देत हातोडी सावकाश मागे ओढा. हातोडी अडकेपर्यंत सिलिंडर खाचेत बसला पाहिजे, सहाही चेंबरना. एखादा मागे राहत असेल तर गोळी नळीच्या तोंडावर कड घासत जाईल आणि शिसं बाजूला उडेल. हातोडी चढवून अंगठ्याने मागून हलकं ढकला. ती पडता कामा नये. सिलिंडर आणि नळीमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठीक, ०.३० च्या पुढे मी सोडून देतो. मोडून उघडणारं असेल तर मूठ आणि नळी दोन हातांत धरून हलवा, खट् असा आवाज आला तर खिटी झिजली आहे. पिस्तूल असेल तर रिकाम्या नळीत पेन्सिल खोडरबराच्या बाजूने टाकून, नळी वर धरून चाप ओढा. पेन्सिल जोरात उसळली तर पिनचा मार चांगला आहे.

हातात बसतं का ते बघायचं तर मनगट आणि नळी एका रेषेत धरून बोट चापावर ठेवा. दुहेरी क्रियेत, म्हणजे हातोडी आधी न चढवता थेट चाप ओढताना, चाप जड असतो, तिथे बोटाचं पहिलं पेर पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर हात फिरवून धरावा लागतो आणि नेम बाजूला जातो. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवून रिकामा चाप ओढा. नाणं न पडता सलग ओढता आलं तर ते शस्त्र तुमच्या हाताचं.

खासगी विक्रेत्याकडून घेत असाल तर कलम ५ प्रमाणे त्याने कलेक्टर किंवा थान्याला लेखी कळवून ४५ दिवस व्हावे लागतात. चौकटीवरचा नंबर त्याच्या लायसन्सवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवा. नंतर स्वतःच्या लायसन्सवर चढवून घेतल्याशिवाय ते तुमचं नाही.

होल्स्टर मऊ नायलॉनचं घेऊ नका. तोंड ताठ हवं, म्हणजे शस्त्र काढल्यावर ते मिटत नाही आणि परत ठेवताना कापड चापात अडकत नाही. चापाची कडी पूर्ण झाकली पाहिजे, ही सगळ्यात महत्त्वाची अट. बायका पर्समध्ये ठेवतात तेव्हा त्यासाठी वेगळा, दुसरं काहीही नसलेला कप्पा आणि आत पक्कं बसवलेलं होल्स्टर हवं. किल्ली किंवा लिपस्टिक चापात शिरू शकते. आणि पर्स टेबलावर ठेवून उठलात की ताबा गेला, नियमाच्या दृष्टीनेही.

घामात मीठ असतं, आणि चामडं ते शोषून धरतं. मे-जूनमध्ये निळ्या पॉलिशवर दोन दिवसांत लाल ठिपके येतात, आधी मुठीच्या स्क्रूभोवती आणि हातोडीच्या मागे. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसा, हलक्या तेलाचा हात फिरवा आणि होल्स्टरमधून काढूनच कुलपात ठेवा. गोळ्या वेगळ्या कुलपात. तेल चेंबरमध्ये नको. काडतुसाच्या टोपीत झिरपलं तर मसाला मरतो. अंगावर फिरलेली काडतुसं दर पावसाळ्यानंतर रेंजवर वापरून टाका आणि नवी भरा. चालवताना आवाज दबका आला तर थांबा, रिकामं करा, नळीत गोळी अडकली आहे का ते बघा. दुसरा बार तिच्यावर गेला तर नळी फुगते.

शेवटची गोष्ट आपल्यासारख्या मराठी घरांसाठी खास. लायसन्सवर क्षेत्र लिहिलेलं असतं : जिल्हा, राज्य किंवा सर्व भारत. फक्त मध्य प्रदेश लिहिलं असेल तर सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट उतरून महाराष्ट्रात शिरलात की ते शस्त्र बेकायदा होतं, मग पुण्याला मावशीकडे लग्नाला निघालेले असलात तरी. तिकडे नेहमी जाणं-येणं असेल तर क्षेत्रवाढीचा अर्ज आधी करा. निवडणुकीच्या काळात जमा करण्याचा आदेश निघाला की थान्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवून पावती घ्या, पावतीवर शस्त्राचा नंबर आणि गोळ्यांची संख्या दोन्ही लिहून घ्या, आणि परत घेताना तिथेच उघडून नळी आणि सिलिंडर तपासा.