तुम्ही विचारलंत म्हणून: चौथा अंक आणि आमची ग्रामसभा

‘खेड्यांतून येणाऱ्या मुलांना ती जुनी इंग्रजी नाटकं कशी काय आवडतात?’ नवे शिक्षक भेटले की हे हमखास विचारतात.

मी लातूरजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. आधी मीही एक ओळ वाचून तिचा मराठी अर्थ सांगायचे. मुलं तो लिहून घ्यायची आणि संवादांतला जीव जायचा. नाटकातली माणसं भांडत असतात. भांडण समजायचं तर कुणाची तरी बाजू घ्यावी लागते.

म्हणून मी अकरावीत इब्सेनचं ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ घेते. १८८२ सालचं हे नाटक मूळ नॉर्वेजियन. आम्ही ते इंग्रजीतून वाचतो. बाहेरून लोक औषधी स्नानासाठी येतात अशा ज्या स्नानगृहांवर गावाला बरे दिवस आलेत, त्यांच्याच पाण्यात चामड्याच्या कारखान्यांची घाण मिसळते, हे डॉक्टर स्टॉकमन शोधून काढतो. दुरुस्तीला दोन वर्षं आणि अफाट पैसा लागणार. नगराध्यक्ष त्याचाच सख्खा भाऊ. एवढं सांगितलं की पुढचं मुलंच सांगायला लागतात. २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. टँकर आधी कुणाच्या दारात थांबतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं.

चौथ्या अंकात सभा आहे. तिथं आमचा वर्ग ग्रामसभा होतो. अध्यक्ष, सूचक, अनुमोदक, मागं उभी राहून गलका करणारी मंडळी, सगळं मुलंच ठरवतात. माझा नियम एकच: ओरडायचं ते इंग्रजीत, आणि वाक्य नाटकातूनच शोधायचं. मग पानं भराभर उलटतात. वर्षभर तोंड न उघडलेला पोरगा डॉक्टरला गप्प बसवायला वाक्य शोधतो आणि बाकावर उभा राहून म्हणतो. उच्चार मी तेव्हा सुधारत नाही. ते उद्या करता येतं, हा आवेश उद्या मिळत नाही.

याच सभेत डॉक्टर बहुमताला मूर्ख ठरवतो, सामान्य माणसांची तुलना गावठी कुत्र्यांशी करतो. मागच्या वर्षी एक मुलगी तडक उठली. “मॅडम, पाण्याचं त्याचं खरंय. पण लोकाला कुत्रं म्हणल्यावर कोण ऐकतंय त्याचं?” वर्ग दोन तट पडून भांडला. एवढी चांगली चर्चा मी प्रश्नोत्तरांतून कधीच घडवू शकले नसते.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरचं भाषण स्वतःच्या इंग्रजीत लिहून आणलं. आठ ओळी, दोन चुका, शिवी एकही नाही. आम्ही सभा पुन्हा भरवली. नाटकात डॉक्टरला ‘लोकांचा शत्रू’ ठरवणाऱ्या ठरावाच्या विरोधात एकच मत पडतं, तेही एका दारुड्याचं. आमच्याकडंही ठराव मंजूरच झाला, पण विरोधात अकरा हात वर होते.